जिन्यावर अडकलेले चार सेकंद

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांची आहे. चार वर्षांपासून एका स्टुडिओत थ्रीडी कॅरेक्टर ॲनिमेटर म्हणून काम करते, सध्या एका फीचर फिल्मवर. गेले तीन आठवडे माझ्याकडे एकच शॉट आहे. एक म्हातारी जिना चढून वर येते, शेवटच्या पायरीवर थांबते आणि समोरच्या बंद दाराकडे बघते. चार सेकंद, बस. हा शॉट डेलीजमधून, म्हणजे डायरेक्टर रोज आमचं काम बघतात त्या बैठकीतून, सात वेळा परत आलाय. आमचे डायरेक्टर स्वतः कधी एक की-फ्रेमसुद्धा (हालचालीतली मुख्य पोझ) लावत नाहीत. खुर्चीत बसतात, शॉट लूपवर चार-पाच वेळा बघतात, काहीतरी एक वाक्य बोलतात आणि पुढच्या शॉटकडे वळतात. परवाचं वाक्य होतं, ‘ती अजून पोचलेली नाही.’ आता ती शेवटच्या पायरीवर उभी आहे, म्हणजे आणखी कुठे पोचायचंय तिला?

राग बाजूला ठेवून खरं सांगते, मला स्वतःला डायरेक्टर व्हायचंय. म्हणून विचारते, हा माणूस नेमकं काय करतो? ॲनिमेटर, मग लीड, मग सुपरवायझर असं चढत गेले तर त्या खुर्चीपर्यंत किती वर्षांत जाईन? माझं ड्रॉइंग कच्चं आहे, त्यामुळे स्टोरीबोर्डच्या, म्हणजे गोष्ट आधी चित्रांच्या चौकटींत मांडायच्या, वाटेला कधी गेले नाही. नोकरी सोडून दिग्दर्शनाचा कोर्स करू का?

– सातव्या रिटेकवरची

अगं सातव्या रिटेकवरची,

वयानं लहान आहेस म्हणून सरळ अगं-तूगं करतेय. आधी तुझ्या म्हातारीबद्दल बोलू, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची मेख तिथेच आहे.

मी तुमची फिल्म पाहिलेली नाही. पण ‘ती अजून पोचलेली नाही’ हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मी इतक्यांदा ऐकलंय, आणि खुर्चीत बसून इतक्यांदा म्हटलंय, की अंदाज बांधायला हरकत नाही. तू शॉट असा केला असशील: शेवटची पायरी, कठड्यावर हात, लागलेला दम, वर-खाली होणारे खांदे. मग ती मान वर करते, दार दिसतं, आणि श्वास सुटतो. खांदे सैल पडतात, भुवया किंचित उचलल्या जातात, नजर दारावर स्थिरावते. ९६ फ्रेम्समध्ये सुरुवात, मध्य, शेवट, सगळं आलं. शो-रीलमध्ये, म्हणजे तुझ्या कामाच्या नमुन्यांत, हा शॉट झकास दिसेल.

पण दार अजून बंद आहे ना. दार उघडायच्या आधीच तिनं सुटकेचा श्वास टाकला, तर ते उघडेल तेव्हा तिच्याकडे करायला काय उरलं? आणि प्रेक्षकाला वाट बघायला? तिचे पाय पोचलेत, ती पोचलेली नाही. माझा अंदाज बरोबर असेल तर आठव्या रिटेकमध्ये तुला काही वाढवायचंच नाहीये. शेवटच्या पंचवीस-तीस फ्रेम्समधला तो सुटलेला श्वास काढून टाक, कठड्यावरचा हात सोडवू नकोस, आणि शॉट संपतानाही तिचं वजन मागच्या पायावरच राहू दे.

हे तुला दिसलं नाही यात तुझा दोष नाही. तीन आठवडे तू त्या चार सेकंदांत मुक्काम ठोकून आहेस. इतके दिवस एका खोलीत काढले की माणूस तिथे घर मांडतोच. तूही चार सेकंदांची एक पूर्ण गोष्ट केलीस, चांगला ॲनिमेटर तेच करतो. डायरेक्टरच्या डोक्यात मात्र तिच्या आधीचा जिना असतो, नंतरचं दार असतं, आणि दारापलीकडचा तो प्रसंगही असतो, ज्याचं अजून लाइटिंग झालेलं नाही, जो कदाचित अजून नुसत्या चित्रांतच आहे.

नव्वद मिनिटांची फिल्म म्हणजे ५,४०० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम्स धरल्या तर १,२९,६०० फ्रेम्स. तुझ्यासारख्या अनुभवी ॲनिमेटरच्या हातून फीचरच्या दर्जाचं काम आठवड्याला जेमतेम काही सेकंद निघतं, हे तुला मी सांगायला नको. म्हणजे ही फिल्म सलग कुणीच बनवत नाही. शेकडो माणसं तिचे तुकडे बनवत असतात, तेही क्रमानं नाही. शेवटचा प्रसंग आधी रेंडर होतो (त्याची अंतिम चित्रं तयार होतात), पहिला प्रसंग आठ महिन्यांनी पुन्हा लिहिला जातो. हे सगळे तुकडे जोडल्यावर एकाच माणसानं सांगितलेली गोष्ट वाटावी, याची जबाबदारी ज्याच्या गळ्यात, तो डायरेक्टर. की-फ्रेम लावणं हे त्याचं काम नव्हे. आणि खरं सांगू, जो लावायला बसतो त्याची मला धास्ती वाटते. तो तुझा शॉट सुंदर करून देईल आणि तेवढ्यात तिकडे दोन डिपार्टमेंट वाट बघत बसतील.

अभिनेत्यांना घेऊन सेटवर शूटिंग करणाऱ्या दिग्दर्शकाला काही गोष्टी आयत्या मिळतात. ऊन ढगाआड जातं, नटाचा हात चुकून कपाला लागतो, मागून एखादं कुत्रं जातं. आपल्याकडे वारा सुटला तर तो कुणीतरी सोडलेला असतो. कुत्रं हवं असेल तर आधी त्याचं डिझाइन, मग मॉडेल, मग रिग (ते हलवता यावं म्हणून आतला सांगाडा), मग केस, आणि मग ते का जातंय हा प्रश्न. फुकट काहीच येत नाही म्हणून प्रत्येक गोष्ट कुणाला तरी ठरवावी लागते. पडदा कुठल्या कापडाचा? म्हातारीच्या चपलेचा आवाज येतो की नाही? जिन्यावरचा दिवा चालू आहे का, आणि असेल तर तो तिनं लावला की आधीपासून होता? हे प्रश्न दिवसभर, एकामागून एक, अगदी वेगवेगळ्या माणसांकडून येतात.

अशा एका दिवसाचं चित्र तुला देते. सकाळी रेकॉर्डिंग. अभिनेता बूथमध्ये बहुतेक वेळा एकटाच असतो. भांडणाचा प्रसंग असला तरी समोरचं पात्र करणारी अभिनेत्री तिथे नसते, तिचं रेकॉर्डिंग दोन महिन्यांपूर्वी झालेलं असतं किंवा अजून व्हायचं असतं. तिच्या ओळी डायरेक्टर स्वतःच वाचून देतो, बऱ्याचदा भयंकर वाईट वाचतो. भांडणाच्या दोन्ही बाजू ऐकलेला खोलीत तो एकटाच. मग लेआउट, तिथे कॅमेरा कठड्याच्या आतून असावा की बाहेरून. मग तुमचे डेलीज, दोन तासांत तीसेक शॉट. मग इफेक्ट्सवाले, धूळ किती दाट हवी. मग लाइटिंग. मग संध्याकाळी एडिटरकडे, जिथे कळतं की सकाळी रेकॉर्ड केलेलं वाक्य नसतं तरी चाललं असतं. दर चाळीस मिनिटांनी खोली बदलते, आणि प्रत्येक खोलीत असा एक तरी माणूस असतो ज्यानं त्या एका गोष्टीला तीन आठवडे दिलेत. डायरेक्टरकडे तीन मिनिटं असतात.

म्हणून ते एक वाक्य. आता तुमच्या डायरेक्टरांची बाजू मी घेतली तेवढी पुरे. ‘ती अजून पोचलेली नाही’ ही नोट बरोबर असेल, पण अर्धीच आहे. ‘दार पुढच्या शॉटमध्ये उघडतंय, सुटका तिथे ठेवायची आहे’ एवढं जोडायला त्यांना पाच सेकंद लागले असते आणि तुझे निदान दोन रिटेक वाचले असते. सात रिटेक झाल्यावरही ॲनिमेटरला आपण काय शोधतोय ते कळत नसेल, तर तिथे सांगणारा कमी पडलाय. पहिल्या-दुसऱ्या रिटेकला मी ॲनिमेटरकडे बघते, पाचव्यानंतर आरशात.

ही अक्कल मला अनुभवातून आली. पहिल्यांदा डायरेक्ट करायला मिळाला तो मालिकेचा अकरा मिनिटांचा एक एपिसोड. त्यात एक मुलगा बाकावर बसायला जातो, मित्र बाक ओढतो, मुलगा धप्पकन पडतो. शॉट आला, मी म्हटलं, ‘अजून मजा आण.’ पुन्हा आला, पडणं मोठं झालं होतं. ‘अजून.’ तिसऱ्यांदा तो मुलगा रबरासारखा उडून दोनदा आपटला, आणि तरी मला हसू येईना. मी चौथ्यांदा तेच म्हणणार, तेवढ्यात तो ॲनिमेटर, माझ्याहून वयानं मोठा आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारा, म्हणाला, ‘मॅडम, हसू कधी यायला हवंय? पडताना, की पडल्यावर?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ठरवलंच नव्हतं. कुणीतरी काहीतरी करून आणेल आणि त्यातलं मला काय आवडतं ते मी सांगेन, यालाच मी दिग्दर्शन समजत होते. त्या रात्री ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेवर मांडून केलेली कच्ची फिल्म, घेऊन बसले तेव्हा कळलं की गंमत पडण्यात नव्हतीच. बाक ओढणारा मित्र हसत नाही, त्याला स्वतःच्या पराक्रमाचा धक्का बसलाय, हसू तिथे होतं. मग मुलाचं पडणं चौकटीबाहेर गेलं, नुसता आवाज ठेवला, आणि कॅमेरा मित्राच्या चेहऱ्यावर. प्रसंग उभा राहिला. त्या ॲनिमेटरचं जवळजवळ तीन आठवड्यांचं काम मात्र माझ्यामुळे कचऱ्यात गेलं. तो काही बोलला नाही. मी कानाला खडा लावला: आपण काय शोधतोय ते कागदावर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर कुणाला शॉट द्यायचा नाही.

आणि ते ठरवायची जागा म्हणजे स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक. शूटिंगवाले भरपूर चित्रण करतात आणि मग एडिटिंगच्या टेबलावर फिल्म शोधतात. आपल्याला जादाचं काही बनवणं परवडत नाही, म्हणून आपली फिल्म बनायच्या आधी एडिट होते. चित्रं काढायची, ती वेळेवर मांडायची, स्टुडिओतल्याच कुणाच्या तरी आवाजात तात्पुरते संवाद भरायचे, उधारीचं संगीत लावायचं आणि अख्खी फिल्म बघायची. ती वाईट असते. जवळजवळ नेहमीच. मग फोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा काढायची, पुन्हा बघायची. मोठ्या स्टुडिओंत हे चक्र सहा-सात वेळासुद्धा फिरतं. तुझ्या टेबलावर शॉट येतो तोपर्यंत दिग्दर्शनाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. तुला खुर्चीत बसलेला माणूस दिसतो, त्याच्या आधीची दोन वर्षं दिसत नाहीत.

हे कळलं की तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. लीड आणि सुपरवायझर हा जिना आहे खरा, पण तो ॲनिमेशन सुपरवायझरच्या खोलीत संपतो. तिथून डायरेक्टरच्या खुर्चीकडे दार उघडतं, पण क्वचित. सुपरवायझर पात्रांची हालचाल सांभाळतो आणि ते काम खूप मोठं आहे, मला स्वतःला ते कधी नीट जमलं नाही. पण मोठ्या स्टुडिओंत ‘ही गोष्ट कशी सांगायची’ या खोलीतून डायरेक्टर बरेच निघतात, म्हणजे स्टोरी डिपार्टमेंटमधून. जेनिफर यू नेल्सन यांचं उदाहरण घे. स्टोरी आर्टिस्ट म्हणून वर्षानुवर्षं काम, मग ‘कुंग फू पांडा’ (२००८) साठी हेड ऑफ स्टोरी, म्हणजे स्टोरी डिपार्टमेंटच्या प्रमुख. त्याच फिल्मच्या सुरुवातीचा तो हातानं काढल्यासारखा दिसणारा स्वप्नाचा तुकडा त्यांनी दिग्दर्शित केला, आणि २०११ साली पुढचा भाग पूर्ण त्यांच्या हातात आला. मला यातलं काय आवडतं सांगू? मोठी खुर्ची मिळायच्या आधी त्यांनी काही मिनिटांचा का होईना, एक तुकडा स्वतःच्या नजरेनं करून दाखवला होता.

ॲनिमेटर होऊन पुढे गेलेलेही आहेतच. हायाओ मियाझाकी १९६३ साली तोएई स्टुडिओत इन-बिटवीनर म्हणून लागले, म्हणजे दुसऱ्यांच्या दोन पोझच्या मधली चित्रं भरायची. त्यांनी दिग्दर्शित केलेली पहिली फीचर फिल्म आली १९७९ साली. सोळा वर्षं. पण मधल्या वर्षांत ते नुसते मधली चित्रं भरत बसले नव्हते. कथेत नाक खुपसत होते, सीन डिझाइन करत होते, आणि १९७४ सालच्या ‘हायडी’ या मालिकेचे लेआउट त्यांनी केले. वर्षं मोजायचीच असतील तर अशी मोज: त्यातली किती वर्षं तू शॉटच्या बाहेरचा विचार करण्यात घालवलीस.

त्या ‘हायडी’चे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, आणि त्यांची गोष्ट खास तुझ्यासाठी. ते ॲनिमेटर नव्हते. विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकले, १९५९ मध्ये तोएईत आले ते दिग्दर्शनाच्या बाजूनं, आणि चित्रं काढणं हा त्यांचा प्रांत कधीच नव्हता. त्यांनी १९८८ साली ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ केली. ज्यांनी ती पाहिलीय ते दुसऱ्यांदा बघायला धजत नाहीत, इतकी ती आत जाते. म्हणजे चित्र काढता न येणारा माणूस ॲनिमेशनचा थोर दिग्दर्शक होऊ शकतो, याचा पुरावा आधीच इतिहासात पडून आहे. अर्थात त्यांच्याभोवती जबरदस्त हात होते, आणि आपल्याला काय हवंय हे त्यांना विलक्षण नेमकं सांगता यायचं.

तेव्हा ‘माझं ड्रॉइंग कच्चं आहे’ हे कारण मी स्वीकारत नाही. स्टोरीबोर्डला सुंदर चित्र लागत नाही, वाचता येणारं चित्र लागतं. कोण कुठे उभा आहे, कुठे बघतोय, चौकटीत काय आहे आणि मुद्दाम काय ठेवलेलं नाही, एवढं तीन सेकंदांत कळलं की झालं. काड्यांची माणसं चालतात. उलट चांगलं ड्रॉइंग असलेल्यांची एक खोड मी पाहिलीय, एका पॅनेलवर, म्हणजे एका चौकटीवर, अर्धा दिवस घालवतात आणि मग जीव जडल्यामुळे ते फेकायला तयार होत नाहीत. तुझ्या काड्या फेकताना तुला काहीच वाटणार नाही. ॲनिमेटर म्हणून वजन, पोझ आणि टायमिंग तुझ्या हातात आहेच, तेही कागदावर उतरतं.

तिसरा रस्ता आहे स्वतःच फिल्म बनवण्याचा. हा हल्ली पूर्वीपेक्षा मोकळा झालाय. गिंट्स झिल्बालोडिस या लाटव्हियाच्या मुलानं ‘अवे’ (२०१९) ही संवाद नसलेली फीचर फिल्म एकट्यानं बनवली, अगदी संगीतासकट. त्यानंतरची ‘फ्लो’ (२०२४) ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एका लहान टीमबरोबर केली, आणि २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. गीतांजली राव यांनीही आधी स्वतः रंगवलेल्या छोट्या फिल्म्स केल्या आणि मग मोठी टीम घेऊन ‘बॉम्बे रोज’ (२०१९). या मंडळींना कुणी बढती दिली नाही. पण ही उदाहरणं वाचून उद्या राजीनामा टाकू नकोस. एकट्यानं फीचर करणाऱ्यांतली पूर्ण झालेलीच आपल्याला दिसतात. अर्ध्यात राहिलेल्यांची हार्ड डिस्क कुणी बघत नाही.

लेखनातून आलेले डायरेक्टर असतात, मालिकांचे एपिसोड करत आलेले असतात, शूटिंगच्या फिल्म्स करून इकडे वळलेले असतात. यादी लांबवत नाही. या सगळ्यांत सारखी गोष्ट एकच सापडते: खुर्ची मिळायच्या आधी प्रत्येकानं काहीतरी पूर्ण करून दाखवलेलं होतं, आणि ते बघून कुणीतरी म्हणालं होतं की हिला सांगता येतं.

आता थोडं कडू. स्टुडिओच्या फिल्मवर डायरेक्टर हा मालक नसतो. त्याच्या वर प्रोड्यूसर असतात, स्टुडिओ असतो. काम अडलं की डायरेक्टर बदलला जातो, आणि हे जितकं क्वचित वाटतं तितकं नाही. ‘रॅटटूई’ची मूळ कल्पना यान पिंकावा यांची, सुरुवातीला फिल्मही त्यांच्याच हातात होती. २००७ साली ती पडद्यावर आली तेव्हा दिग्दर्शक होते ब्रॅड बर्ड. ‘ब्रेव्ह’ (२०१२) ब्रेंडा चॅपमन यांची कथा, मध्येच त्यांच्या जागी मार्क अँड्रूज आले, आणि ऑस्कर दोघांच्या नावावर लागलं. दोन्ही फिल्म्स चांगल्या निघाल्या, पण ज्यांच्या पोटातून ती गोष्ट आली त्यांच्यावर काय गुजरलं असेल याचा विचार करून बघ. तू सात रिटेकनं वैतागलीस, तो वैताग चार सेकंदांचा आहे. इथे चार-चार वर्षांचं काम दुसऱ्याच्या हातात जातं.

शिवाय तीच चार वर्षं तोच विनोद ऐकायचा असतो. तिसऱ्या महिन्यात तो विनोदी वाटायचा बंद होतो. तरी तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसवेल की नाही हे शेवटपर्यंत ओळखता आलं पाहिजे. माझ्या मते या कामातला सगळ्यांत अवघड भाग हाच, आणि तो कुठल्या कोर्समध्ये शिकवतात असं मला वाटत नाही.

कोर्सचा विषय निघालाच आहे तर: नोकरी सोडून नको. जी मुलं शाळेतून थेट येतात त्यांना कोर्समधून एक महत्त्वाची गोष्ट मिळते, ती म्हणजे फिल्म पूर्ण करायची सक्ती आणि बरोबरीनं काम करणारी चार माणसं. तुझ्याकडे स्टुडिओभर माणसं आहेत. सक्ती तेवढी स्वतःची स्वतः लावून घ्यावी लागेल. दोन वर्षं निव्वळ शिकण्यात काढायची ऐपत आणि हौस दोन्ही असेल तर जा, वाया काही जाणार नाही. पण कोर्स केला म्हणून कुणी फिल्म हातात देत नाही.

त्याऐवजी उद्यापासून एक खोड लावून घे. डेलीजमध्ये स्वतःचा शॉट झाला की उठून जातेस ना? सगळेच जातात. बसून राहा. दुसऱ्याचा शॉट लागला की डायरेक्टर बोलायच्या आधी वहीत तुझी नोट लिही. एकच वाक्य, कसं करायचं ते नको, काय वाटायला हवं ते. मग त्यांची नोट त्याच्या शेजारी लिही. पहिल्या महिन्यात तुझ्या नोट्स कोपर, मनगट, आर्क, स्प्लाइन अशा हालचालीच्या तपशिलांबद्दल असतील आणि त्यांच्या कथेबद्दल. हे दोन रकाने जवळ यायला लागले की समज, तू शॉटच्या बाहेर पडायला लागलीस. कधीकधी तुझी नोट त्यांच्यापेक्षा चांगली असेल. तेव्हा गप्प बसायचं, वहीत खूण करून ठेवायची.

दुसरं, एडिटरशी ओळख वाढव. ॲनिमेटर मंडळी एडिटरला विसरतात. संध्याकाळी अर्धा तास मागे बसू देतील का विचार, बहुतेक एडिटर हो म्हणतात, त्यांच्याकडे येतंच कोण? तिथे तुला दिसेल की तुझ्या चार सेकंदांतले आठ फ्रेम्स काढले की आधीचा शॉट कसा सुधारतो.

आणि मग तुझी स्वतःची फिल्म. साठ ते नव्वद सेकंद, एक जागा, दोन पात्रं, शक्यतो संवाद नको. फक्त ॲनिमॅटिक. एकही फ्रेम ॲनिमेट करायची नाही, ही अट मी मुद्दाम घालतेय, कारण तू ॲनिमेटर आहेस आणि अडचण आली की तू सवयीनं हालचालीत लपशील. काड्यांची माणसं, फोनवर रेकॉर्ड केलेले आवाज. पाच जणांना दाखव, आणि दाखवताना तोंड बंद ठेव. ‘इथे ना, तिला असं वाटतंय की…’ असं तुझ्या तोंडून निघालं की तो पॅनेल चुकला, घरी जाऊन बदल. बघणाऱ्यांना ‘आवडलं का’ विचारू नकोस, कुणीही हो म्हणतं. गोष्ट सांगायला लाव. त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि तुझ्या मनातली गोष्ट जिथे वेगळी पडते, तिथे काम आहे. तीन-चार वेळा मोडून बांधलंस की मग ती स्टुडिओतल्या हेड ऑफ स्टोरीला दाखव आणि सरळ सांग, मला बोर्ड करून बघायचंय, एखादा छोटा सिक्वेन्स द्या, वेळ माझा. पहिल्यांदा नाही म्हणतील. सहा महिन्यांनी दुसरी घेऊन जा.

तुझ्या डायरेक्टरांकडेही जा, रागावून नको. आधी एडिटमधून तुझ्या शॉटच्या मागचे तीन आणि पुढचे तीन शॉट मागून घे, नुसते ॲनिमॅटिकमधले असले तरी चालतील. ते लागोपाठ वीस वेळा बघ. मग त्यांना एवढंच विचार: ‘दार उघडायच्या आधी तिला आत कोण असेल असं वाटतंय?’ मी तुला सुटकेचा श्वास काढून टाकायला सांगितलंय खरा, पण माझा अंदाज साफ चुकलेलाही असू शकतो. कदाचित त्या म्हातारीला त्या दारापर्यंत जायचंच नसेल.

आठवा रिटेक काय झाला ते कळव.